आडे सिस्टरची हजेरी

आमच्या आरोग्य केंद्रात माझ्या खिडकीतून औषध बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यात जास्त खटपट कोणी केली असेल, तर ती आडे सिस्टरनी. मी तिथला औषध निर्माता. सरकारी कागदावर हे नाव भारदस्त दिसतं, पण गावाच्या लेखी मी नुसता गोळ्यावाला वानखडेभाऊ. केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून बरंच आत, कपाशीच्या शेतांमध्ये आमचं केंद्र. माझ्या खिडकीच्या बरोबर समोर बाळंतिणींच्या खोलीचं दार. त्या दारातून एखादी आजी लगबगीनं यायची, "नातवाच्या अंगावर लाल लाल उठलं जी, काई मलम द्या" म्हणायची. मी ट्यूब काढायचो, आणि तिच्या मागून आवाज यायचा, "भाऊ, ठेवा थे ट्यूब. त्याले काई नाई लागत."

सुरुवातीला मला राग यायचा. मी शिकलो औषधं द्यायला आणि ही बाई आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवते. एकदा लांबच्या पाड्यावरून एक आजोबा पायी आले होते. नातीच्या नाकावर बारीक पांढरे दाणे, बस्स. "इतक्या दुरून आलो, एखादी ट्यूब तं द्या," म्हणाले. मला दया आली, मी गुपचूप दिली. सिस्टरना कसं कळलं देव जाणे, पण दहाव्या मिनिटाला त्या खिडकीशी उभ्या. "भाऊ, थे ट्यूब लेकराच्या नाकाले नाई, आजोबाच्या मनाले लागून राह्यली. मनालेच लावाची असन तं त्यायचे गुडघे दुखतात, तिथं लावा काई." आजोबा हसत सुटले आणि गुडघ्याचं मलम घेऊन गेले. पुढे मीही तेच धोरण धरलं. आमच्या भागातल्या कित्येक आज्या-आजोबांचे गुडघे नातवंडांच्या पुण्याईनं बरे राहिले.

बाई पुसदकडच्या एका तांड्यातल्या. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, दवाखान्यात वऱ्हाडी, आणि रागावल्या की हिंदी. बुटक्या, चालायला झपाझप. बाळाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या. मे महिन्यात, पंखा बंद पडून आम्ही सगळे घामानं निथळत असताना सुद्धा. आणि जन्मलेलं लेकरू कुणाचंही असो, त्याच्या कानावर पहिले शब्द पडायचे ते त्यांच्या घरचे: "काई छेनी, याडी, काई छेनी." काही नाही गं आई, काही नाही. एका दिवसाच्या पोरीलाही त्या आईच म्हणायच्या. आमच्या भागात बाळ रडायला लागलं की कुणब्याच्या घरातली बाईसुद्धा 'काई छेनी' म्हणते, ते असं आलेलं आहे.

त्यांची खरी ओळख मात्र हजेरी.

बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं व्हरांड्यात आली की सिस्टर स्टूल टाकून बसायच्या. मांडीवर बाळ. समोर बाळंतीण, तिची आई, सासू आणि बाळाचा बाप. बाप नसेल तर हजेरी सुरूच व्हायची नाही. "कुठं गेला? पानठेल्यावर? बलवा त्याले." तो खाली मान घालून आला की बाळाचे कपडे काढायचे आणि वरून खाली एकेक खूण मोठ्यानं पुकारायची.

"भुवयांच्या मधात लाल डाग. पाह्यला का? बाबा, तुमी पाह्यला? मंग म्हना, पाह्यला."

"पाह्यला," बाप पुटपुटायचा.

"मानेवर मांगून लाल डाग. केसात झाकून जाईन. पाह्यला? नाकावर पांढरे दाने. फोडाचे नाई, पिळाचे नाई, महिनाभरात सोताच जातात. खांद्यावर लव हाय. बेसनाच्या गोळ्यानं घासाची नाई, झडते थे. तळपायाची सालं निघून राह्यली, पोटात चार दिवस जास्त राह्यला म्हनून. तेल थापाचं नाई. आन् पाहा, आज अंग साफ हाय, पन उद्या-परवा लाल चट्टे येतीन, मधात पिवळा ठिपका. आले तं भेवाचं नाई."

आणि दुसऱ्या दिवशी ते चट्टे खरंच यायचे. बहुतेक बाळांना येतात, हे मला माहीत होतं, पण लोकांना नव्हतं. सिस्टर आधी सांगतात आणि मग तसं होतं म्हटल्यावर लोकांनी त्यांना काय मानलं असेल, ते सांगायला नको.

हे सगळं त्या वहीत मांडायच्या. त्यासाठी पांढरकवड्याच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून आणला होता: एक बाळ समोरून, एक पाठीमागून. शिक्केवाल्यानं बाळ कधी पाहिलं होतं की नाही कोण जाणे, शिक्का हुबेहूब बेडकासारखा आला. आम्ही त्याला बेडूकच म्हणायचो. दर बाळामागे वहीत एक बेडूक आणि आईच्या कार्डावर एक बेडूक उमटायचा, त्यावर लाल आणि निळ्या पेनानं खुणा, खाली सगळ्यांच्या सह्या नाहीतर अंगठे.

हजेरी करत करत कमरेपाशी आल्या की त्या बाळाला पालथं करायच्या आणि थांबायच्या. तिथला निळसर काळा डाग आपल्याकडच्या बऱ्याच लेकरांना असतो, दोन-चार वर्षांत जातो. या डागासाठीच हजेरीचा जन्म झाला होता. ही गोष्ट मी पाहिलेली नाही, त्यांच्या तोंडून ऐकलेली, पण दर वेळी त्यांनी तीच सांगितली, एक शब्द इकडचा तिकडे नाही, म्हणून मी खरी मानतो. पहिली नेमणूक, वय चोवीस. एक कुटुंब बाळ गुंडाळून घरी घेऊन गेलं. तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना पाठीवर निळं दिसलं. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, लेकरू रडावं म्हणून सिस्टरनं मारलं. ट्रॅक्टर भरून माणसं आली. या एकट्या, आणि झोळीत स्वतःची पाच महिन्यांची मुलगी. त्यांनी ती उचलली, लंगोट सोडला आणि सगळ्या जमावासमोर तिला पालथी धरली. पोरीच्या कमरेवर तसाच निळा डाग. "इलेबी म्याच मारलं का?" मग एक म्हातारा म्हणाला, आमच्या पोट्ट्यालेबी होता बाप्पा असाच. ट्रॅक्टर आला तसा परत गेला. ती मुलगी आता नागपूरला कॉलेजात शिकवते आणि ही गोष्ट निघाली की आईवर जाम चिडते. सिस्टर म्हणतात, "चिडू दे. तिच्या ढुंगनानं माही नोकरी वाचवली."

त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती. डाग बाळाच्या अंगावर असतो, पण तो लागतो आईला. ग्रहणात वांगं चिरलं म्हणून डाग, अमुक पाहिलं म्हणून डाग. एका सासूबाईनं बाळाच्या पोटरीवरचा तपकिरी डाग पाहून सुनेला भर व्हरांड्यात धारेवर धरलं. सून मान वर करेना. सिस्टरनी शांतपणे सासूबाईंचा हात ओढून घेतला, बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा डाग. "हा कायचा जी?"

"हा जल्माचाच हाय."

"मंग तुमच्या मायनं काय चिरलं होतं? कोहळं?"

व्हरांड्यात असा हशा उठला, की सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. सून हसली नाही, पण तिनं मान वर केली. मला वाटतं सिस्टरना तेवढंच हवं होतं.

बिब्ब्यावर मात्र त्या विनोद करत नसत. डागावर बिब्ब्याचं तेल लावून भाजलेली दोन-तीन लेकरं त्यांनी पाहिली होती. "काई लावाचं नाई" हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या दारांशी सांगितलं, की शेवटी लोक खरंच काही लावेनासे झाले. आजूबाजूच्या गावांत सिस्टरचं 'काई नाई' म्हणजे कोर्टाचा निकाल. मला याचा अभिमान वाटायचा. माझी ट्यूब पडून राहायची, तरी वाटायचा.

आणि त्याच निकालातून पुढची गोष्ट झाली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

जवळच्याच गावातल्या अनसूयाबाईंची नात, स्वरा. घरची कपाशी आणि तूर, सून प्रणिता पहिलटकरीण. हजेरीत उजव्या पापणीवर एक लाल ठिपका निघाला, तुरीच्या डाळीएवढाही नाही. "पापनीवर लाल डाग. वर्षभरात जाईन. काई लावाचं नाई." सगळ्यांनी पाह्यला म्हटलं. बेडकाच्या पापणीवर लाल टिंब पडलं. मग प्रणिता राजूरला माहेरी गेली, लसी तिथंच झाल्या. तिथल्या कुणी त्या पापणीला पहिल्या दिवशी पाहिलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. मी खिडकीतच होतो. अनसूयाबाई पुढे, मागे सून, कडेवर दुपट्ट्यात गुंडाळलेली पोर. अनसूयाबाईंची चाल एखादं बक्षीस मिळालेल्या माणसासारखी होती.

"सिस्टर, शेजारीन बिबा घेऊन आलती, म्या हाकलून देल्ली. इहीनबाई दवाखान्यात नेतो म्हने, म्या म्हनलं काई गरज नाई. तुमी काई नाई म्हनल्या, तं काई नाई. बोटसुद्धा लावलं नाई जी कोनी."

आणि दुपट्टा बाजूला केला. पापणी पिकल्या बोरासारखी लाल आणि फुगलेली. डावा डोळा टुकूटुकू आमच्याकडे पाहत होता. उजव्या डोळ्याची नुसती फट उरली होती.

सिस्टरनी तळवे घासले. बराच वेळ घासत राहिल्या. मग आत जाऊन वही आणली, ते पान काढलं आणि अनसूयाबाईंसमोर धरलं.

"हा डाग म्या काढला. जानारा डाग समजून काढला. हा थो नोहे. हा वाढनारा हाय. मी चुकली, अनसूयाबाई."

"असं कसं? तुमी कशा चुकान?"

"चुकली."

"नाई जी," अनसूयाबाई जवळजवळ भांडायलाच लागल्या. "तुमी नाई चुकत. जाईन थो. वर्ष तं होऊ द्या."

"वर्षभर थांबलो तं डोया जाईन." सिस्टर त्यांच्या शेजारी फरशीवरच बसल्या. "डाग जाईन हो, थो आज नाई उद्या जाईन. पन झाकलेला डोया पाहाचं शिकत नाई. लेकराले बोलाले शिका लागते ना, तसं डोयालेबी पाहाले शिका लागते. हे दिवस शिकाचे हाय. आताच्या आता यवतमाळले जाचं. मी येतो संगं."

अनसूयाबाई पोरीचा दुपट्टा सारखा करत बसल्या. प्रणिता मात्र लगेच उठली. तिला बहुधा कधीपासून उठायचंच होतं.

गाडी यायला वेळ होता. आमचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पहिल्या दिवशी हे दोन डाग मलाही वेगळे ओळखता आले नसते. मीही तेच म्हणालो, समजूत काढायला. सिस्टर माझ्यावर उखडल्या.

"डाक्टर चुकले असते तं लोक दुसऱ्या डाक्टरकडे गेले असते. माह्याकडून कोनी दुसरीकडे जातच नाई, भाऊ. तुमाले समजून राह्यलं का? हे लेकरू माह्या भरोशानं घरी बसलं."

मी समजून गेलो.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्या दोन दिवस त्यांच्याबरोबर राहिल्या. तिथं बाळाला भरती करून, नाडी-साखर पाहत एक औषध सुरू केलं. औषध मुळात हृदयाचं. मी आयुष्यभर ते म्हाताऱ्यांना दिलेलं, ते अशा डागावरही चालतं हे मला तेव्हा कळलं. परत आल्यावर सिस्टर घरीही गेल्या नाहीत. सगळ्या वह्या काढल्या आणि ज्या ज्या बेडकाच्या पापणीवर लाल टिंब होतं, त्या पानांना सुतळी लावली. मग आमच्या आशा कार्यकर्तीच्या स्कुटीवर मागे बसून गावोगाव निघाल्या. कापूस वेचणीचे दिवस. आया शेतात. तर या शेतात. पाटीतल्या कापसावर निजलेलं लेकरू उचलायचं, पापणी पाहायची. आणि दर ठिकाणी सांगायचं, "एका लेकराच्या बाबतीत मी चुकली, म्हनून पाहाले आली."

मी म्हटलं, "सिस्टर, हे कायले सांगता? नेहमीची तपासनी म्हना."

"तसं म्हनलं तं त्या पुन्हा माह्यावरच भरोसा ठेवतीन. मंग आली कायले मी?"

बाकी सगळी लेकरं ठीक निघाली. पण बोलणारे बोललेच. पानठेल्यावर एकजण म्हणाला, आता सिस्टरचं वय झालं, दिसत नाही तिला. मी आयुष्यात कुणाशी भांडलेलो नाही, त्या दिवशी भांडलो. तुह्या बापानं कधी गावासमोर मी चुकलो म्हटलं का, असं विचारलं. शोभलं नाही मला ते, पण मला अजूनही त्याचा पस्तावा नाही. सरकारी नोकरीत मी पुष्कळ माणसं पाहिली, मीही त्यातलाच. चूक झाली की आम्ही आधी कागद शोधतो, तो लपवायला. ही बाई कागद काढून समोर धरते. अशा माणसाच्या समोरच्या खिडकीत मी अठरा वर्षं बसलो, हे मला छाती फुगवून सांगावंसं वाटतं.

त्यानंतर हजेरीच्या शेवटी एक नवी ओळ आली. "म्या सांगतलं थे आजचं. डाग वाढला, फुगला, पाण्याचे फोड आले, लेकरू पिवळं पडलं, प्यायचं बंद झालं, तं सिस्टर काई नाई म्हनली म्हनून घरी बसाचं नाई. काय म्हनलं मी?"

"बसाचं नाई," सगळं कुटुंब म्हणायचं. बापही.

इकडे स्वराची सूज महिन्यामहिन्यानं उतरत गेली. डोळा पुरता उघडला. पण यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, उजव्याची नजर मागे राहिली आहे. रोज दोन तास डावा डोळा पट्टीनं झाकायचा, म्हणजे उजव्याला काम करावं लागेल. अनसूयाबाई केंद्रात येऊन डोक्याला हात लावून बसल्या. "चांगला डोया झाकाचा न् कच्चा उघडा ठेवाचा? हे कोनतं शास्तर?"

पोर पट्टी ठेवीना. ओढून फेकायची. मग सिस्टर एक दिवसाआड संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसू लागल्या. स्वतःच्याही डोळ्याला पट्टी लावायच्या आणि दोघी मिळून ताटात तांदळातले खडे शोधायच्या. एकदा तशीच पट्टी लावून सकाळी केंद्रात आल्या आणि अर्धा तास पेशंट तपासत बसल्या. कुणाची सांगायची हिंमत झाली नाही.

पट्टीचं हे सुरू असतानाच त्या निवृत्त झाल्या आणि पुसदकडे तांड्यावर राहायला गेल्या. फोन यायचा. "पोट्टी पट्टी लावते का?" एवढंच. मी कसा आहे, हे दुसऱ्या वाक्यात कधीतरी.

गेल्या हिवाळ्यात त्या अचानक आल्या. पुसदहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, तिथून ऑटो. दुसऱ्या दिवशी स्वराची शेवटची तपासणी होती. "डाक्टरच्या आधी मले पाहू द्या," म्हणाल्या. केंद्राच्या अंगणात सगळे जमले. पोर चौथ्या वर्षात. पापणीवर आता फक्त फिकट गुलाबी छटा. सिस्टर तिच्यामागे गुडघ्यांवर बसल्या, तळवे घासले आणि तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"सांग याडी, काय दिसते?"

"गाय."

"थे तं मलेबी दिसते. दूर पाह्य."

"खांब हाय."

"आनखी?"

पोरीनं मान जरा पुढे काढली. "तारेवर पाखरू बसलं."

आम्ही सगळे वळलो. शेताच्या पलीकडे विजेचा खांब, खांबाला तारा. मी चष्मा पुसून पाहिलं. मला पाखरू दिसेना. प्रणिताला दिसेना. अनसूयाबाई म्हणाल्या, "अंदाजानं सांगून राह्यली असन. लेकरूच हाय."

सिस्टरनी हात काढला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. "भाऊ, जा बरं तुमी. पाहून या. न् माह्यासाठी खोटं सांगू नका."

त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी फाटकातून निघालो, तुरीच्या बांधाबांधानं खांबाकडे. अर्ध्या वाटेवरही तारा रिकाम्याच दिसत होत्या. खांबाच्या पार जवळ गेलो तेव्हा दिसला. एक वेडा राघू, मुठीएवढा, चोचीत काहीतरी धरून तारेवर आपटत होता.

मी मागे वळलो. अंगण लांब राहिलं होतं. माणसांचे चेहरे कळत नव्हते, पण सिस्टर ओळखू येत होत्या, तशाच गुडघ्यांवर, पोरीला धरून, अजिबात न हलता. मी दोन्ही हात वर केले आणि वेड्यासारखे हलवले. हाय, हाय, असं ओरडलोही, पण तिथवर आवाज पोचला नसावा.

सिस्टरनी पोरीच्या डोळ्यावरचा हात काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला.